डीजेशी शर्यत सोडा



बँडवाल्यांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान तुम्ही मला दिलात. ज्या कळमेश्वर परिसरात आदासाचा गणपती आणि धापेवाड्याचा विठोबा आहे, तिथं वाजंत्र्यांनी एकत्र यावं हे योग्यच झालं.  

अध्यक्षानं व्यवसायाचा आढावा घ्यायची रीत आहे. आपलं पितळ आजही मुख्यतः मेरठच्या जली कोठीतून येतं. १८८५ साली सुरू झालेली नादिर अलींच्या घराण्याची कंपनी मेरठमध्येच वाद्यं बनवते. पुण्यात प्रभात आणि दरबार यांसारखे बँड गणपतीच्या मिरवणुकीतला आपला मान राखून आहेत. आपल्याकडे नागपुरात संदल आणि धुमाल या वादनप्रकारांचा जोर आहे आणि वरातीत डीजे आहे. वाद्यं महागली, चांगली पोरं टिकत नाहीत, दाट तिथीला माणूस मिळत नाही आणि विरळ तिथीला काम मिळत नाही. हे तुम्ही माझ्याहून जास्त भोगता. म्हणून आढावा इथंच थांबवतो. एक गोष्ट बरीच वर्षं मनात साठली आहे, ती आज बोलणार आहे.

डीजेच्या नादी लागून आपण मोठ्यानं वाजवायला लागलो आणि सुरात वाजवायचं सोडलं. गिऱ्हाईक डीजेनं पळवलं, असं आपण चारचौघांत म्हणतो. काही त्यानं पळवलं, हे खरं. बाकीचं आपल्या फाटक्या आवाजानं गेलं.

आजचा ट्रम्पेटवाला वाजवताना बघा. गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, माउथपीस ओठांवर गच्च दाबलेला. त्या कड्याच्या आत ओठाचा जेवढा भाग येतो, तेवढाच थरथरतो आणि नाद तिथंच जन्मतो. त्यावर दाब दिला की रक्त अडतं, ओठ बधिर होतो, वरचा सूर निसटतो. तो पकडायला पोरगा आणखी दाबतो. संध्याकाळपर्यंत ओठावर लाल कडं उमटतं आणि रात्री वरात निघते, तेव्हा हातात फक्त जोर उरलेला असतो. शिवाय पितळी वाद्याचा धर्मच असा की जोर वाढवला की नुसता आवाज वाढत नाही, त्याची जात बदलते. मूळ सुराच्या वरचे बारीक सूर फार झपाट्यानं वाढतात. हद्द ओलांडली की नळीतल्या हवेचाच धक्का होतो आणि पत्रा फाटल्यासारखा चरचराट निघतो. त्याला आपली पोरं ‘पॉवर’ म्हणतात. मी त्याला वाद्याचा छळ म्हणतो.

डीजेपुढं टिकायचं कसं, यावर काल रात्री झालेल्या तुमच्या चर्चा मी शेवटपर्यंत ऐकल्या. पहिला पक्ष म्हणाला, माणसं वाढवा. चाराचे आठ करा, आठाचे सोळा. हिशोब करून बघा. सारख्या जोराचे वादक दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे एकाच्या जागी दहा माणसं उभी करावी लागतात. दहा जणांची मजुरी कोणता नवरदेव देणार आहे? आणि रांग लांबली की ताल सुटतो. नाद सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो. पंधरा मीटर मागच्या ढोलाचा ठोका पुढच्या ट्रम्पेटला सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास उशिरा पोचतो. चालत्या वरातीत तेवढ्यानं गाणं लंगडं होतं.

जोर हवा की सूर, हा वाद माझ्यापुरता फार पूर्वी मिटला आहे. माझे उस्ताद पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन आलेले. कामठीची छावणी १८२१ सालची. त्या शिस्तीचा वारा आपल्या भागातल्या जुन्या बँडना लागला होता. या कळमेश्वरच्याच स्टेशनापलीकडे तेव्हा मोकळं रान होतं. उस्तादांनी मला आणि माझ्याबरोबरच्या एका पोराला तिथं उभं केलं आणि स्वतः संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यापर्यंत चालत गेले. आधी त्या पोरानं एक चाल छाती फोडून वाजवली. मग मला अर्ध्या दमानं, सूर गोल ठेवून तीच चाल वाजवायला सांगितलं होतं, ती मी वाजवली. उस्ताद परत आले आणि त्याला म्हणाले, “तुझा आवाज आला, चाल आली नाही. याची चाल आली.” त्यानंतर पुढचा सगळा पावसाळा आम्हा दोघांना त्यांनी एकही गाणं दिलं नाही. रोज पहाटे एकेक सूर हळू सुरू करायचा, भरायचा, पुन्हा हळू सोडायचा. मध्येच थांबून नळीतलं पाणी काढायचं आणि पुन्हा तोच सूर. ज्याला हळू वाजवता येत नाही, त्याला मोठ्यानंही वाजवता येत नाही, हे मी त्या पावसाळ्यात शिकलो आणि आजवर ते खोटं पडलेलं नाही.

दुसरा पक्ष म्हणाला, गाडीवर ॲम्प्लिफायर चढवा. तो चढलाच आहे. गाडीवर कॅसिओ आणि गायक, पुढं कर्णे, आणि आपले ट्रम्पेटवाले चकचकीत गणवेश घालून शोभेला. मोठ्या आवाजात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे फ्रान्सच्या लोम्बार नावाच्या डॉक्टरनं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दाखवून दिलं. आपला वादक तेच करतो. कर्ण्याशेजारी त्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, म्हणून तो आणखी फुंकतो. कानासाठी पाळायचा एक संकेत जगात अनेक ठिकाणी वापरतात: ८५ डेसिबलमध्ये आठ तास. पुढं दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. डीजेच्या गाडीजवळ हा हिशोब मिनिटांवर येतो. माझ्याबरोबर उमेदीची वर्षं घालवलेला एक क्लॅरिओनेटवाला आज कुकरची शिट्टी ऐकू शकत नाही. घरची मंडळी खांद्यावर हात ठेवून त्याला बोलावतात. ज्याच्या वरच्या सुरांसाठी लोक थांबायचे, त्याचे वरचे सूरच गेले. ॲम्प्लिफायरचा प्रश्न माझ्यासाठी तिथं संपतो.

आणि कॅसिओबद्दल एक. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. तापलेल्या हवेत नाद वेगानं धावतो, म्हणून फुंकवाद्याचा सूर चढतो. कॅसिओचा सूर मात्र तसाच राहतो. सकाळी सावलीत जुळवलेला ट्रम्पेट दुपारी उन्हात कॅसिओच्या वर जातो आणि दोघं मिळून कानाला बोचतात. उपाय अगदी साधा आहे. सूर जुळवायची नळी थोडी बाहेर ओढायची आणि एकमेकांचा सूर ऐकून घ्यायचा. वरात निघण्याआधी हे करणारा बँड मला दाखवा. गणवेशाची बटणं तपासणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले. सूर तपासणारे मोजके.

तिसरा पक्ष म्हणतो, लोकांना गोड नको, दणका हवा. हे मी अजिबात मानत नाही. धापेवाड्याजवळच्या एका गावी एका वृद्ध वारकऱ्याच्या अंत्ययात्रेला आम्हाला बोलावलं होतं. घरच्यांनी ताशा नको म्हणून सांगितलं. दोन क्लॅरिओनेट, दोन ट्रम्पेट, एक युफोनियम आणि हलका ढोल एवढ्यावर आम्ही भजनं धरली. युफोनियमनं खाली धरलेला सूर गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरून राहिला होता. लोक दारात आले, काही जण चाल ओळखून सोबत गाऊ लागले. पुढच्या सराईत त्याच घरचं लग्न होतं. मुलानं भाव न विचारता इसार दिला आणि म्हणाला, “काका, तसंच वाजवा.” दणका हवा असता तर ते डीजेकडे गेले नसते का?

हा झगडा आपल्यापुरता नाही. अमेरिकेत ड्रम कोअर नावाची पथकं आहेत. शंभर-दीडशे तरुण पितळी वाद्यं, ढोल आणि झेंडे घेऊन मैदानात संचलन करत वाजवतात. त्यांची देशव्यापी संघटना आहे. तिथंही एक पक्ष म्हणतो की अंगावर काटा आणणारा दणदणाट हाच या कलेचा प्राण. दुसरा म्हणतो की सूर एकजीव झाला नाही तर दणदणाटाला अर्थ नाही. पण तिथं पितळी वाद्यांना वेगळे गुण असतात आणि सूर जुळला नाही तर ते कापले जातात. आपल्याकडे गुण कोण देतो? वरातीत नोटा उडवणारा. आपला परीक्षक आपणच व्हायला हवं.

आपल्या पूर्वसुरींना हे ठाऊक होतं. गोव्याच्या अल्दोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईत आले आणि संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’ सिनेमातली गाणी ऐका. ट्रम्पेट खेळतो, लाडात येतो, चमकतो, पण ओरडत नाही. आपल्या बापजाद्यांनी ते सूर रेकॉर्डवरून कानानं उचलले आणि गावोगाव नेले. आपण त्यातला फक्त जोर नेतो आहोत.

कायदाही एक संधी देतो, ती ओळखा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद; राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली हे ठामपणे सांगितलं. डीजेच्या डोक्यावर ही तलवार कायमची आहे. आपलं वाद्य वादकाच्या हातात असतं, हवं तेवढं उतरवता येतं. ज्या दिवशी लोक गोंगाटाला कंटाळतील, त्या दिवशी त्यांच्या दारात उभं राहायची लायकी आपल्यात हवी. आज ती नाही, हे मी दुःखानं आणि रागानं सांगतो.

करायचं काय? पावसाळ्यात, हातांना काम नसतं तेव्हा, पोरांसाठी सुराचा वर्ग सुरू व्हावा. पचमढीला १९५० पासून लष्कराचं संगीत प्रशिक्षण चालतं. तिथून निवृत्त झालेल्यांना बोलवावं. वादकांच्या कानांची तपासणी व्हावी. प्रत्येक वाद्याला वेगळी चाल लिहून देणारी वही असावी, म्हणजे सगळे एकच सूर किंचाळणार नाहीत. तपशील आणि पैशाची जुळणी कार्यकारिणीनं बसून ठरवावी. माझ्या परीनं मी मदत करीन.

एक गोष्ट मात्र कार्यकारिणीवर सोडत नाही, ती प्रत्येक मास्तरानं स्वतः करायची आहे. पुढच्या सराईत इसार घेताना यजमानाला स्पष्ट सांगा: डीजे वाजत असेल तेव्हा आमचा बँड वाजणार नाही आणि बँड वाजेल तेव्हा डीजे बंद राहील. दोन-चार ऑर्डरी जातील, जाऊ द्या. ज्या राहतील, त्या तुमच्या वादनासाठी राहिलेल्या असतील. तेवढ्यावर पोट भरणार नाही, असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, फाटक्या आवाजावर ते आजही भरत नाहीच.