रात्रीच्या शेतफेरीसाठी चार्जिंगची बॅटरी : निवड आणि निगा

(कल्याण तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा विषय कृषिविद्या. तेव्हा भाताची लावणी, खताची मात्रा, तणनियंत्रण यांवर मी बोलावे, अशी तुमची अपेक्षा असणार. आज मात्र मी हातातल्या बॅटरीवर बोलणार आहे. त्याला कारण आहे. भातावरची लष्करी अळी दिवसा चुडाच्या बुंध्याशी आणि जमिनीच्या भेगांत लपते. अंधार पडला की वर चढून लोंब्या कुरतडते. दिवसा फेरी मारणाऱ्याला ती दिसत नाही, आणि सकाळी खाली पडलेल्या लोंब्या तेवढ्या दिसतात. भात निघाल्यावर भेंडी, काकडी लावणाऱ्यांना पंपाची रात्रपाळी आली की बांधावरून जावेच लागते. त्या बांधावर उंदरांची बिळे असतात आणि उंदरांमागे साप येतो. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या ठाणे जिल्ह्यात आहेत. घोणस पाऊल अगदी जवळ येईपर्यंत जागची हलत नाही. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. अशा वेळी पायापुढे उजेड हवा, आणि तो घरी परत येईपर्यंत टिकायला हवा.

आपण दिव्यालाही बॅटरी म्हणतो आणि आतल्या सेललाही. घोटाळा नको म्हणून मी दिव्याला बॅटरी आणि आतल्या भागाला सेल म्हणेन.

बाजारात चार्जिंगच्या बॅटऱ्यांत मुख्यतः दोन प्रकारचे सेल मिळतात. निकेलचे १.२ व्होल्टचे पेन्सिल सेलही असतात, पण ते आता कमी दिसतात. पहिला मुख्य प्रकार शिशाच्या सेलचा. प्लॅस्टिकची मोठी बॅटरी, मागून दोन पिना बाहेर काढायच्या आणि थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची. ही सर्वांत स्वस्त, म्हणून गावोगाव हीच दिसते. माझी तक्रारही सर्वांत जास्त हिच्याबद्दलच आहे.

अशा बऱ्याच बॅटऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टची वीज एका कपॅसिटरमधून कमी करून सेलला दिलेली असते. त्यामुळे आतला भाग घरातल्या लाइनपासून सुटा झालेला नसतो. चार्जिंग चालू असताना फुटलेल्या झाकणातून आतल्या तारेला किंवा सेलच्या टोकाला बोट लागले, तर जिवावरचा शॉक बसू शकतो. दुसरे म्हणजे, सेल भरला की वीज तोडण्याची सोय यांपैकी पुष्कळांत नसते. तांबडा दिवा लागला म्हणजे वीज आली आहे एवढेच समजावे. सेल किती भरला हे तो सांगत नाही. रात्री उशिरा गावातला भार उतरला आणि व्होल्टेज चढले, की सेलमध्ये जाणारी वीजही वाढते. सेल तापतो, फुगतो आणि त्यातून जळाऊ वायू सुटतो.

हे मी नुसते वाचून सांगत नाही. शहापूरकडे माझ्या चुलत्यांच्या घरी ओटीवरच्या बोर्डाला अशी बॅटरी लटकवून ठेवली होती. लावणीच्या धांदलीत ती तीन दिवस तशीच राहिली. तिसऱ्या रात्री काकूंना वासाने जाग आली. बॅटरीचा मागचा भाग वितळून बोर्ड काळा झाला होता आणि गुरांसाठी ठेवलेला पेंढा तिथून हातभर अंतरावर होता. चुलत्यांनी आधी मेन स्विच पाडला, मग बॅटरी लाकडाने ओढून अंगणात टाकली. क्रम बरोबर होता म्हणून थोडक्यात भागले.

ज्यांच्याकडे ही बॅटरी आहे त्यांनी ती लगेच फेकावी असे मी म्हणणार नाही. सोबतच्या कागदावर जितके तास लिहिले असतील तितकेच चार्जिंग करा आणि मोबाइलवर गजर लावा. झाकण फुटलेले असेल तर मात्र ती वापरू नका. शिशाचा सेल उतरलेल्या अवस्थेत ठेवला तर कायमचा निकामी होतो. म्हणून पावसाळा संपल्यावर ती भरून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरा.

नवी घ्यायची असेल तर लिथियम सेलची आणि मोबाइलच्या चार्जरवर चालणारी घ्या. यात बॅटरीकडे पाच व्होल्टच येतात आणि चांगल्या बनावटीत भरल्यावर चार्जिंग आपोआप थांबते. चार्जर मात्र चांगल्या कंपनीचा, मानक ब्यूरोची खूण असलेला वापरा. चार्जर हलका निघाला तर वरचा सगळा फायदा गेला. सेल बदलता येईल अशीच बॅटरी घ्या. सेल आत डकवलेला असेल तर सेल मेल्यावर अख्खी बॅटरी गेली.

या बॅटऱ्यांत बहुधा '१८६५०' असा आकडा असलेला सेल असतो. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, असा त्याचा अर्थ. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० एमएएच असते. कल्याण, डोंबिवली, ठाणे स्टेशनबाहेर मांडलेल्या ढिगात '९९००' छापलेले सेलही दिसतात. असा सेल या मापात बनतच नाही, तेव्हा तो घेऊ नका. खरा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. फारच हलका लागला तर संशय घ्या. सेलवर आयएस १६०४६ हे मानक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा.

उजेडाच्या आकड्यांचेही तसेच. उजेड लुमेनमध्ये मोजतात. एक वॅटला साधारण १०० लुमेन धरा. २००० एमएएचचा ३.७ व्होल्टचा सेल म्हणजे सुमारे ७.४ वॅट-तास. २०० लुमेनचा दिवा दोन वॅट घेईल आणि साडेतीन तास चालेल. १००० लुमेन हवे असतील तर दहा वॅट लागतील आणि पाऊण तासाच्या आत अंधार होईल. बांधावरून चालायला १०० ते २०० लुमेन पुष्कळ झाले. झोत लांब जाणारा नको, पायापुढे पसरणारा हवा. डोक्याला बांधायच्या बॅटरीने दोन्ही हात मोकळे राहतात. पण पावसाळ्यात चिलटे, पाखरे तोंडावरच येतात, म्हणून मला ती विळी-खुरप्याच्या कामाला बरी वाटते, चालायला नाही.

पावसात वापरायची तर 'आयपीएक्स ४' तरी लिहिलेले पाहा. ही खूण शिंतोड्यांपुरती आहे, बॅटरी खाचरात बुडाली तर उपयोग नाही. 'आयपीएक्स ७' असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. चार्जिंगच्या भोकावर रबरी बूच असावे. भिजलेली बॅटरी पुसून, वाळवून मगच चार्जिंगला लावा.

लिथियम सेलचे चार्जिंग दिवसा, घरात कोणी जागे असताना, लादीवर करा. अंथरूण, पेंढा, रॉकेल, औषधाचे डबे यांच्याजवळ नको. उन्हात तापलेला सेल थंड होऊ द्या. फुगलेला, चेपलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल पुन्हा भरू नका. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांच्या खिशात ठेवू नका, दोन्ही टोके जुळली तर तो क्षणात तापतो. ३.२ व्होल्ट लिहिलेला सेल वेगळ्या जातीचा. तो ३.७ वाल्याच्या चार्जरमध्ये घालू नका. सेलमधून धूर निघू लागला तर तो हुंगू नका. आधी मेन स्विच बंद करा, माणसे बाहेर काढा आणि मग लांबून भरपूर पाणी ओता.

चार्जिंगची आणली म्हणून साध्या सेलवरची जुनी बॅटरी टाकू नका. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठच्या बदलापूर, कल्याण भागात दिवसचे दिवस वीज नव्हती. चार्जिंग करणार कुठे? दोन सुके सेल वेगळे, कोरड्या डब्यात ठेवलेले बरे.

निकामी सेल चुलीत किंवा उकिरड्यात टाकू नका, तिथून तो शेणखताबरोबर तुमच्याच शेतात जातो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून दुकानदाराकडे परत द्या. २०२२ च्या नियमांनी जुने सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

तुमच्यापैकी काहींनी बॅटऱ्या बरोबर आणल्या आहेत, त्या टेबलावर ठेवा. मी मीटर आणला आहे. ३.७ वाला लिथियम सेल पूर्ण भरलेला असेल तर ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवील. अडीचच्या खाली गेलेला असेल तर तो तुम्हाला परत देणार नाही, इथेच बाजूला काढू.