चुलीचं लाकूड दाव्यात लिहा
(जळगाव जामोद तालुक्यातल्या बैठकीत केलेलं भाषण)



पूस महिन्यात आपल्या सातपुड्यात थंडी कशी पडते ते कोणाला सांगायला नको. कुडाच्या भिंती, फटीतून वारा येते. गोधडी एक अन् पोरं चार. मग चूल विझू द्यायची नाही, तिच्याभोवतीच आपण सगळे झोपतो. 2016 साली उज्ज्वला योजना आली. चांगलंच झालं, बाईच्या डोळ्यातला धूर कमी झाला. पण 14.2 किलोच्या टाकीवर भाकर होते, घर गरम होत नाही. अन् टाकी भरायला पैसा कुठून आणायचा?

खाली सपाटीवर पऱ्हाटी, तुराट्या आहेत. आपल्याकडे वाळलेला धावडा. त्याचा निखारा पहाटेपर्यंत राहते, सालई भुरकन जळून जाते. हे आपल्या बायांना शाळेत न जाता माहीत आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या बायांच्या मोळ्या नाक्यावर उतरवून घेतल्या, कुऱ्हाडीही ठेवून घेतल्या. पावती मागितली, दिली नाही. सगळं वाळकंच होतं. त्या रात्री आम्ही शेजारून निखारे आणले.

2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3 मध्ये निस्तार हक्क लिहिला आहे. गौण वनोपजात झुडपी लाकूड आणि खुंट धरले आहेत. अभयारण्याची जमीनही त्यात येते. म्हणून अंबाबरव्याच्या बाजूच्या गावांनी 'तुम्हाला कायदा लागू नाही' हे ऐकून घेऊ नये. पण आपण काय केलं? शेताच्या पट्ट्याचे दावे भरले, सामूहिक दाव्याचा कागद कोराच ठेवला.

एक कडू गोष्टही बोलतो. आपल्यातलेच काही हिरवा धावडा तोडून बाजारात मोळ्या विकतात. घरात पैसा नसते म्हणून विकतात, ते कळते. पण कलम 5 ने जंगल राखायचं काम ग्रामसभेला दिलं आहे. हिरवं तोडायचं नाही, हा ठराव आपणच घ्यावा. नाहीतर मोळी अडवली तर कोणत्या तोंडाने भांडणार?

पुराव्याचं लोक विचारतात. जुन्या जाणत्यांचं लेखी निवेदन चालते. आजी कोणत्या नाल्यातून, कोणत्या टेकडीवरून लाकूड आणायची ते लिहा, अंगठा घ्या. एकावर थांबू नका, पुरावे एकापेक्षा जास्त लागतात. उपविभागीय समितीने नाही म्हटलं तर नकार लेखी मागा. 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येते.

पुढच्या ग्रामसभेत बायांनी पुढे बसायचं. लाकडाच्या वाटा त्यांच्याच पायाला माहीत आहेत. येताना चुलीतले कोळसे आणा, जमिनीवर नकाशा काढू.