सही अडली की अंक अडतो
(शिबिरात केलेली मांडणी)



आज आम्ही तुमच्यापुढं एका मासिकाची गोष्ट ठेवतो. नाव हिमाल साउथएशियन. 1987 साली नेपाळात, काठमांडूला, कनक मणी दीक्षित यांनी ते काढलं. आधी त्यात हिमालयाच्या मुलखाबद्दल लिहून यायचं. 1996 पासून नेपाळ, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका या सगळ्या शेजाऱ्यांचं राजकारण आणि संस्कृती त्यात येऊ लागली. ते इंग्रजीत असतं, म्हणून आपल्या पाड्यांवर कधी आलं नाही. पण त्याची गोष्ट आपल्या कामाची आहे.

त्यांनी एक नकाशा छापला. दक्षिण वर, उत्तर खाली. श्रीलंका डोक्यावर, हिमालय पायाशी. जमीन तीच, नद्या त्याच. पण बघणाऱ्याला कळतं, की नकाशा कुणीतरी बसून काढलेला असतो. आपल्याला हे नवीन नाही. जंगलाच्या नकाशात कंपार्टमेंटचा नंबर असतो, आपल्या देवाचं ठिकाण नसतं.

या मासिकाला शेठ मालक नाही, नफ्यासाठी ते निघत नाही. काठमांडूत ते देणग्या-अनुदानावर चालायचं, आणि तिथंच ते अडलं. 2016 साली त्यांना तिथलं काम थांबवावं लागलं. त्यांनीच सांगितलं, की उघड बंदी कुणी घातली नाही. अनुदानाला मंजुरी मिळेना, नेपाळबाहेरच्या संपादकांना कामाचा परवाना मिळेना, परदेशातल्या लेखकांचे पैसे पोचायला उशीर. म्हणजे कुणी ‘नाही’ म्हटलं नाही, फक्त कागद पुढं सरकला नाही. वनहक्काचा दावा टाकून वाट बघणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण मासिक मेलं नाही. 2018 साली श्रीलंकेत, कोलंबोला, ते पुन्हा उभं राहिलं.

आपल्याला गाव उचलून दुसरीकडं नेता येत नाही. म्हणून एका सहीनं अडेल अशा पैशावर आपलं पत्रक उभं राहू नये. शाई, स्टेन्सिल, कागद यांचा खर्च पाड्यापाड्यातून निघाला पाहिजे. पैसे नसतील तर पायलीभर भात द्या. गावची बातमी द्या. लिहिता येत नसेल तर सांगा, शिकलेली पोरं लिहून घेतील. अंक आला की ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, आणि काही चुकलं असेल तर तिथंच बोला. पत्रक तुमचंच आहे.

जोहार, जिंदाबाद!