पोट्टं बिघडवलं कुणी?

(कामरगाव, जि. वाशीम येथे तरुणांपुढे केलेले भाषण)



कारंजा तालुक्यातल्या या गावात येऊन मी मेंदूवर बोलणार आहे. हसू नका. आपल्या माणसाच्या हातावर, पाठीवर, घामावर पुष्कळ बोलून झालंय. आज डोक्यावर बोलू.

तेरा-चौदा वर्षांचं पोट्टं खर्रा घोटताना दिसलं की गाव म्हणतं, "त्या वस्तीतलं ना, मग असंच निघायचं." पाटलाचं पोरगं पितं तेव्हा संगत वाईट असते. आपलं पितं तेव्हा रक्त वाईट असतं! हा मनूचा न्याय. विज्ञान वेगळंच सांगतं.

अमेरिकेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून वाढत्या पोरांच्या मेंदूची एम.आर.आय. चित्रं वर्षानुवर्षं काढली. मेंदू एकदम पिकत नाही, हे त्यातून दिसलं. थराराची, मजेची ओढ लावणारा आतला भाग वयात येतानाच उसळतो. 'थांब, उद्याचं बघ' म्हणणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते. इंजिन सुरू अन् ब्रेक कच्चा. पाटलाच्या पोराचं तेच, आपल्या पोराचं तेच. मेंदूला जात नाही.

याच वयात मेंदू भराभर शिकतो. वापरातले जोड घट्ट होतात, बिनवापराचे गळतात. तंबाखू, दारू, गांजा, सोल्युशन, प्रत्येक नशा डोपामीन नावाचं रसायन उसळवते आणि मेंदू तोही धडा पाठ करतो. म्हणून कोवळ्या वयात लागलेली नशा पुढं जन्माची होण्याचा धोका जास्त.

आता कायदा बघा. महाराष्ट्रात दारू प्यायला वय २५ लागतं, सौम्य बीअरला २१. २००३ च्या कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकता येत नाही. गुटख्यावर २०१२ पासून बंदी. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे अल्पवयीन पोराला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. कागद झकास! अन् पानठेला कुठं असतो? शाळेच्या कोपऱ्यावर. दारू कुठं मिळते? वस्तीच्या तोंडाशी. धंदेवाल्याला कच्चा ब्रेक बरोबर कळतो. चौदाव्या वर्षी धरलेलं गिऱ्हाईक पन्नास वर्षं पुरतं.

ब्रेक सगळ्यांचाच कच्चा, पण ज्याच्या मागं पैसा, मैदान, डॉक्टर आहे तो सावरतो. भंगार वेचणारं पोरगं भूक मारायला पन्नीत सोल्युशन ओतून हुंगतं. एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली आली. हुंगायची नशा ही एकच अशी निघाली, जी मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या पोरांत जास्त आहे, जवळपास दुप्पट. त्या पोराला उपदेश नको. त्याला आधी भाकर पाहिजे, मग शाळा.

आणि आपण काय करतो? निवडणुकीत वस्तीत पेट्या उतरतात, त्या उतरवून घेणारे आपलेच. जयंतीच्या मिरवणुकीत डी.जे.पुढं झिंगून नाचणारं पंधरा वर्षांचं पोरगं कुणाच्या पैशानं प्यालं? कार्यकर्त्याच्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. बुद्धाचं पाचवं शील तेच. ज्या समाजाला विचार करायचीच बंदी होती, त्याचं डोकं शाबूत ठेवायचं ते हत्यार आहे. आपण ते वंदनेपुरतं ठेवलं.

२००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी पोरांना संगणकावर गाडी हाकायचा खेळ दिला. दोस्त बघत असले की १३ ते १६ ची पोरं जास्त धोका पत्करत. चोवीस पार केलेल्यांवर दोस्तांचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे या वयात टोळकं हेच पोराचं डोकं. ते टोळकं आपण का होऊ नये? जो मेंदू नशा लवकर शिकतो तोच पुस्तक, कबड्डी, डफ, मोर्चाही लवकर शिकतो.

तेव्हा ठरवा. येत्या जयंतीला दारूचा रुपया घेणार नाही, देणार नाही. शाळेजवळच्या ठेल्याविरुद्ध लेखी तक्रार, तीसुद्धा पोच घेऊन. अडकलेल्या पोराला मारायचं नाही, चौकीतही न्यायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातलं कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देतं. माणूस यातून बाहेर येतो. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून तेच काम करतंय.

रोज संध्याकाळी सात वाजता वाचनालयाचं दार उघडं पाहिजे. ठेल्याचं उघडंच असतं.

जयभीम!