साध्या दाराला जुने वळण

आज मी आपल्याशी दाराविषयी बोलणार आहे. वाड्याच्या दिंडीदरवाजाविषयी नव्हे, तर घरातल्या घरात, स्वयंपाकघराला किंवा मधल्या खोलीला असते त्या साध्या दाराविषयी.

वऱ्हाडात जुनी मातीची घरे उतरवून सिमेंटची घरे बांधली जात आहेत. नांदगाव खंडेश्वर काय किंवा आसपासची खेडी काय, सगळीकडे तोच प्रकार. घर उतरले की सागवानी कवाडे भंगाराच्या गाडीवर चढतात आणि नव्या घरात प्लायवूडचे सपाट दार बसते. ते दार वाईट नाही. हलके असते, स्वस्तही असते, पण पाटीसारखे कोरे! मग घरातल्यांना वाटू लागते, आजीच्या वेळच्या दारासारखे काही असते तर बरे झाले असते. तसे नवे दार करवून घ्यायचे म्हटले तर सागाचा भाव ऐकूनच माणूस गप्प बसतो. म्हणून ह्याच कोऱ्या दाराला थोड्या पैशांत जुने वळण कसे देता येईल, ते पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुने दार शोभते ते त्याच्या रचनेमुळे. रंग किंवा उडालेला रंग, ही नंतरची गोष्ट. लाकडाचा स्वभाव असा, की ओल लागली म्हणजे ते रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. नुसत्या रुंद फळ्या ठोकून केलेले दार अशा हवेत वाकते नाहीतर तडकते. म्हणून सुतारांनी उभ्या-आडव्या जाड पट्ट्यांचा सांगाडा केला आणि त्याच्या खाचेत पातळ तक्ते सैल बसवले. तक्त्याला फुगायला जागा मिळाली, दार सरळ राहिले. कडीपाशी आडवी पट्टी रुंद ठेवली, कारण तेथे कडी-कुलूप बसते. सर्वांत खालची त्याहून रुंद, कारण दाराचा भार तीच तोलते. आपल्याला आवडणारे ते चौकोन असे गरजेतून आलेले आहेत.

आता माप. शिक्षक बंधूंनी हे गणित वर्गात अवश्य द्यावे. दार 7 फूट उंच आणि अडीच फूट रुंद, म्हणजे 84 इंच आणि 30 इंच. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार इंच सोडा. मध्ये 21 इंच उरतात. वर साडेचार, मध्ये 7 आणि खाली साडेआठ इंच कोरे ठेवा. हे झाले 20. उरलेल्या 64 इंचांत वरचा चौकोन 40 इंच उंच आणि खालचा 24 इंच. दोन्ही चौकोनांची परिमिती 122 आणि 90, मिळून 212 इंच, म्हणजे 17 फूट 8 इंच. कापण्यात वाया जाते म्हणून एका बाजूसाठी 20 फूट पट्टी आणावी. मधली कोरी जागा जमिनीपासून साधारण 3 फुटांवर येते, म्हणजे कडी बरोबर तेथेच बसते.

कोणी म्हणेल, ‘भाऊ, हे सुताराचं काम, आमाले कसं जमन?’ जमते. पट्टीची टोके 45 अंशांत कापायची, एवढे सुताराकडून करून घ्या. बाकीचे काम घरचे. दार आधी पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर गोंद धरत नाही. चौकोन पेन्सिलीने आखा, गुण्या लावून तपासा. पांढऱ्या गोंदाने पट्ट्या चिकटवून बारीक चुका ठोका. दारात खोल कोरू मात्र नका. वरचा थर अगदी पातळ असतो. सांध्यांत लांबी भरा, वाळली की घासा आणि प्रायमरचा एक हात द्या. दाराची खालची कडही रंगवा. ओल तेथूनच शिरते.

रंगाची एक युक्ती आहे. पहिला हात गडद तपकिरी द्या. वाळल्यावर कडीच्या आसपास, पट्ट्यांच्या कडांवर आणि खाली पाय लागतो तेथे मेणबत्ती घासा. मग वरून हिरवा किंवा निळा रंग द्या. तो वाळला की मेणाच्या जागी हलकेच खरवडा. खालचा रंग डोकावेल. पण जेथे खरोखर हात-पाय लागतात तेथेच हे करावे. सगळीकडे केले तर दार जुने न दिसता रोगट दिसते. एका बाजूला अर्धा लिटर रंग पुरतो. कडी-कोयंडा जुन्या बाजारातून आणा. पितळी असेल तर चिंचेने उजळा.

आणि घरात जुने सागवानी कवाड अजून असेल, तर मात्र पुढचे नीट ऐका. त्याचा जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार बाधते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांची खात्री देता येत नाही. घासायचेच असेल तर पाणी लावून, अंगणात, तोंडाला फडके बांधून घासा. पोरांना आणि गरोदर बाईला दूर ठेवा. गाळ गोळा करून टाका, अंगणात राहू देऊ नका.

लाकूड मोकळे झाले की रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल फडक्याने पातळ चोळा. पण ते तेलकट फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते, आणि चोळामोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

अशी जुनी कवाडे शहरांत शोभेची वस्तू म्हणून चांगल्या किमतीला विकली जातात. आपण ती किलोच्या भावाने देतो आणि मग पट्ट्या चिकटवून त्यांची नक्कल करतो. म्हणून घर उतरवण्याआधी दाराचे माप घ्या आणि नवी चौकट त्याच मापाची करायला गवंड्याला सांगा. पट्ट्या त्यांच्यासाठी, ज्यांचे कवाड आधीच गेले. ज्यांचे अजून आहे, त्यांना फक्त तेल आणि दोन दिवसांचे कष्ट पुरतील.