नवा नंबर नको, सोबत हवी

(जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनानिमित्त सोलापुरातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



भावांनो आणि बहिणींनो, आज १० सप्टेंबर, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. या निमित्तानं आपल्या साथींनी एक प्रस्ताव मांडला आहे. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी आणि जगणं नकोसं झालेल्यांसाठी आपण सोलापुरात स्वतःची हेल्पलाइन सुरू करावी, असा तो प्रस्ताव आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून मला यावर बोलायला सांगितलं. तांत्रिक बाजू सोपी आहे. एक नंबर घ्यायचा आणि त्यावर येणारा फोन दहा जणांच्या मोबाइलवर वळवायचा, हे आठवडाभराचं काम आहे. तरीही माझं मत असं आहे की आज आपण नवा नंबर काढू नये. का ते सांगतो, आणि त्याऐवजी काय करावं तेही सांगतो.

रात्री तीन वाजता एखादा मुलगा धीर करून फोन लावतो आणि पलीकडे नुसती रिंग वाजत राहते. त्या रिंगचा तो काय अर्थ घेईल? ‘माझं कुणी नाही’ ही त्याची समजूत आणखी पक्की होईल. कुणीच उचलत नाही असा नंबर हा नंबर नसण्यापेक्षा वाईट. वर्षाचे ३६५ दिवस, ईदच्या रात्रीसुद्धा फोन उचलायचा तर तीन पाळ्यांत माणसं लागतात. त्यांना प्रशिक्षण लागतं, त्यांच्या कामावर जाणत्या माणसाची नजर लागते, आणि दुसऱ्याचं दुःख ऐकून थकलेल्या स्वयंसेवकाला सांभाळणारंही कुणी लागतं. यंत्रमागाच्या या शहरात पाळी म्हणजे काय ते सांगायला नको. दहा उत्साही तरुणांच्या जोरावर पहिला महिना निघेल, सहावा निघणार नाही.

शिवाय नंबर आधीच आहेत. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे आणि २० भाषांमध्ये आहे. आपल्या शहरात बोलल्या जाणाऱ्या मराठी, हिंदी, कन्नड आणि तेलुगू या भाषा त्यात आहेत. फोन लावला की आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज पडली तर तो मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो, आणि प्रत्यक्ष तपासणी लागणार असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे किंवा मेडिकल कॉलेजकडे पाठवतो. बंगळुरूची निम्हान्स ही या सगळ्याची मुख्य संस्था आहे. व्यसनमुक्तीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचा वेगळा नंबर आहे, १४४४६. जीव आत्ता धोक्यात असेल तर ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे चार नंबर आज प्रत्येकानं आपापल्या मोबाइलमध्ये साठवून घरी जावं.

मग अडलं कुठं? केंद्र सरकारनं आणि दिल्लीच्या एम्सनं मिळून केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. दुसरा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. मरणाऱ्या दर दहांत सात पुरुष होते. कारणांमध्ये कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के आणि व्यसन ६.८ टक्के. पण ज्या घरात रोज पिणं आहे, तिथलं भांडण आणि कर्ज या दोनपैकी कुठल्या रकान्यात जाणार? माझ्या मते व्यसनाचा खरा वाटा ६.८ पेक्षा मोठा आहे.

म्हणजे मदत आहे आणि माणूसही आहे. दोघांच्या मध्ये एक गल्ली आहे, ती कुणी ओलांडत नाही. ती गल्ली आपल्या मोहल्ल्यातली आहे आणि तिथं तीन कुलपं लागलेली आहेत.

पहिलं कुलूप ‘हराम’ या शब्दाचं. नशा हराम आहे हे आपल्यात शाळेची पायरी न चढलेल्यालाही माहीत असतं. पिणाऱ्यालाही माहीत असतं. ते विसरला म्हणून तो पीत नाही. पण ‘मुसलमान पीत नाहीत’ असं आपण बाहेर अभिमानानं सांगतो, आणि मग घरात जो पितो तो जणू नाहीच असं वागतो. त्यामुळे तो लपून पितो, लपून उधारी करतो आणि एक दिवस लपूनच संपतो. दारूची मनाई एका दमात आली नाही, हे तफसीरकार सांगत आले आहेत. आधी तिच्या फायद्यापेक्षा नुकसान मोठं असल्याची जाणीव दिली गेली, मग नशेत नमाजला उभं राहण्याची मनाई झाली आणि शेवटी पूर्ण बंदी आली. समाजाला वेळ देऊन बदलणाऱ्या दीनचं नाव घेऊन आपण एका आजारी माणसाला एका रात्रीत बदलायला सांगतो.

याच कुलपाची दुसरी बाजू मय्यतीच्या घरी दिसते. इस्लामला आत्महत्या मान्य नाही. पण अशा माणसाचीही जनाजाची नमाज पढली जाते, असंच बहुसंख्य फकीहांचं मत आहे. त्याचा निवाडा अल्लाहकडे. तरीही त्याच्या अम्मीसमोर बसून ‘तो जहन्नमी’ म्हणणारे आपल्यात असतात. तो शब्द ऐकणाऱ्या पुढच्या दुःखी मुलाला एवढंच कळतं की आपल्या मनातलं इथं बोलायचं नाही.

दुसरं कुलूप इज्जतीचं. घरात मोबाइल एकच असतो आणि कुणाला फोन केला ते त्यात दिसतं. दोन खोल्यांच्या घरात मोठ्यानं बोललं की शेजारी ऐकू जातं. बहिणीचं लग्न ठरायचं असेल तर भावाच्या उपचाराचा कागदसुद्धा लपवला जातो.

तिसरं कुलूप पोलिसांच्या भीतीचं. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात नेलं तर केस होईल, म्हणून घरचे उशीर करतात आणि त्या उशिरात माणूस जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानलं जातं. त्याला शिक्षा करायची नाही. त्याची देखभाल, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेचं कलम ३०९ सुद्धा १ जुलै २०२४ पासून राहिलेलं नाही. दवाखान्यात नोंद होईल, पोलीस जबाबही घेतील. त्याला घाबरून दवाखाना टाळू नका.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती रमजानशी जोडलेली आहे. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस चाँद दिसला की म्हणतो, उद्यापासून बंद. घरचे खूश होतात. पण शरीराला दारूची सवय झालेली असेल तर ती अचानक थांबवल्यावर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसू लागतात. यात जीव जाऊ शकतो. मालेगावात ‘कुत्ता गोली’ म्हणून बदनाम झालेल्या झोपेच्या गोळ्याही अशाच एकदम तोडल्या तर फिट येते. अशा माणसाला खोलीत कोंडणं किंवा ‘जिनचा असर’ म्हणून फिरवत राहणं धोक्याचं आहे. त्याची तौबा खरी असते. तिला डॉक्टरची साथ द्या. रमजानच्या आधीच त्याला तपासून घ्या. औषध देऊन हा काळ सुरक्षित पार पाडता येतो. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे.

दवा आणि दुआ यांचं भांडण लावायची गरज नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथं मीरा दातार दर्गा आहे. तिथं ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम चालला. मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारात डॉक्टरकडेही पाठवतात. याच्या उलट उदाहरण तामिळनाडूतल्या एरवाडीचं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. आता कायद्यानं साखळी बांधायला पूर्ण बंदी आहे. मारहाण करणारं, साखळी लावणारं ‘नशामुक्ती केंद्र’ कितीही स्वस्त असलं तरी तिथं आपला माणूस ठेवू नका.

म्हणजे फोनच्या आधी काम आहे आणि फोननंतरही काम आहे. ते साधी माणसं करू शकतात का? लंडनमध्ये १९५३ मध्ये चॅड वारा नावाच्या पाद्र्यानं जीव द्यायला निघालेल्यांसाठी टेलिफोन सुरू केला. सल्ला द्यायला तो स्वतः होता. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक बसत. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की चहा देणाऱ्याशी बोलूनच अनेकांचं मन हलकं होतं, आतपर्यंत येण्याची त्यांना गरजच उरत नाही. पुढच्याच वर्षी त्यानं काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. त्यातून समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथं व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्यानं आलेल्यांना सांभाळतात, आणि बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे. पिणाऱ्याच्या बायकोलाही मदत लागते, हे त्यांनी ओळखलं.

तर माझा प्रस्ताव असा. विजापूर वेसपासून नई जिंदगीपर्यंत प्रत्येक मोहल्ल्यात आपले दोन साथी असावेत, एक भाऊ आणि एक बाजी. बाईचं दुःख बाईच ऐकेल अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. या दोघांनी सहा कामं करायची.

पहिलं, सरळ विचारायचं: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. विचारल्यानं माणसाला बोलता येतं. मग ऐकायचं. उपदेश नको, ‘तेरे से जादा तकलीफ में लोग हैं’ हे तर अजिबात नको.

दुसरं, आपल्या मोबाइलवरून १४४१६ लावून द्यायचा, बोलायला निवांत जागा द्यायची आणि बोलणं संपेपर्यंत बाहेर थांबायचं.

तिसरं, दवाखान्यात बरोबर जायचं. केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. पहिल्या रांगेतूनच परत फिरणारे खूप असतात.

चौथं, तो बिकट काळ टळेपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही, आणि घरातली औषधं, शेतीची विषारी औषधं घरच्यांकडून हलवून घ्यायची. श्रीलंकेनं अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली, तेव्हा वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. ती लाट ओसरते. तेवढा वेळ मिळाला की बहुतेक माणसं वाचतात.

पाचवं, पुढचे तीन महिने आठवड्यातून एकदा भेटायचं. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यांत नाजूक असतात. पुन्हा प्यायला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हिशोब मांडायचा नाही.

सहावं, तोंड बंद ठेवायचं. फोटो नाही, ग्रुपवर पोस्ट नाही, ‘आम्ही एकाला वाचवलं’ असं भाषणात सांगणंही नाही. एक नाव फुटलं की त्या मोहल्ल्यात पुन्हा कुणी बोलणार नाही.

मशिदीच्या विश्वस्तांना आणि इमाम साहेबांना आपण एवढंच मागू: वजूखान्याजवळच्या फलकावर हे चार नंबर लावा, आणि रमजानच्या आधीच्या जुम्याच्या बयानात पाच मिनिटं या आजारावर बोला. आजार हा शब्द मिंबरवरून आला तर घराघरातलं एक कुलूप उघडेल.

२६ जूनला जागतिक अमली पदार्थविरोधी दिन असतो. त्या दिवशी आपण पुन्हा बसू आणि स्वतःला दोनच प्रश्न विचारू. किती जणांबरोबर आपण दवाखान्यापर्यंत गेलो? आणि सुरुवातीच्या साथींपैकी किती जण अजून टिकून आहेत? दोन्ही उत्तरं चांगली असतील तर आपल्या स्वतःच्या नंबरचा विषय मीच मांडेन, त्याची यंत्रणाही बसवून देईन. कारण तेव्हा तो फोन उचलणारी माणसं आपल्याकडे असतील.

ज्यांना साथी व्हायचं आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी बाजींकडे नाव द्यावं. आणि इथं बसलेल्यांपैकी कुणाला हे स्वतःबद्दलच वाटत असेल, तर त्यानं नाव द्यायची गरज नाही. १४४१६ लावा, किंवा बैठकीनंतर मला नुसतं ‘चहा घेऊ’ एवढंच म्हणा.