क्रूस उतरवलेलं चर्च



संयोजकांनी कळवलं, "तू राहतेस तिथलं काहीतरी सांग." सॅन फ्रान्सिस्को म्हटलं की लाल पूल आणि आमच्या सॉफ्टवेअर कंपन्या, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. म्हणून मी तिथल्या एका चर्चबद्दल बोलणार आहे.

युनियन स्क्वेअरच्या महागड्या दुकानांपासून जेमतेम दहा मिनिटं चाललं की टेंडरलॉइन वस्ती लागते. बेघर माणसं, नशेत पडलेली पोरं, एका खोलीत राहणारी कुटुंबं. तिथे एलिस आणि टेलर रस्त्यांच्या कोपऱ्यावर ग्लाइड मेमोरियल हे मूळचं मेथडिस्ट चर्च आहे. लिझी ग्लाइड या धनिक बाईंनी दिवंगत पतीच्या स्मरणार्थ १९२९ मध्ये जागा घेतली, १९३१ मध्ये चर्च उभं राहिलं. पुढे वस्ती बदलली, जुने सभासद पांगले आणि मोठ्या सभागृहात मूठभर माणसं उरली.

१९६३ मध्ये सेसिल विल्यम्स हे टेक्सासचे कृष्णवर्णीय पाद्री तिथे आले. दारात कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलं आणि त्यांनाच आत घेतलं. समलिंगी असणं तेव्हा कॅलिफोर्नियात गुन्ह्यासारखंच होतं. तरी ग्लाइडच्या पाद्र्यांनी पुढाकार घेऊन १९६४ मध्ये धर्मगुरू आणि समलिंगी यांची एकत्र संघटना काढली. १ जानेवारी १९६५ च्या त्यांच्या नृत्यसमारंभाला पोलिसांनी दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढला, काहींना अटकही केली. दुसऱ्या दिवशी पाद्र्यांनीच पत्रकार परिषद घेऊन पोलिसांचा निषेध केला. पाद्री बोलले म्हणून शहराने ऐकलं!

१९६७ मध्ये विल्यम्स यांनी प्रार्थनागृहातला क्रूस उतरवला. काही जुने लोक दुखावून निघून गेले. बाकाबाकांवर नवे लोक आले, जॅझ आलं, गॉस्पेल आलं. तळघरात रोज फुकट जेवण सुरू झालं. त्यासाठी वॉरन बफे दरवर्षी स्वतःसोबतच्या एका जेवणाचा लिलाव करू देत. २०२२ च्या लिलावात १ कोटी ९० लाख डॉलर आले. हा सगळा पसारा विल्यम्स यांच्या पत्नी, कवयित्री जॅनिस मिरिकितानी यांनी सांभाळला. त्या जपानी वंशाच्या. दुसऱ्या महायुद्धात तान्ह्या असतानाच सरकारने त्यांच्या कुटुंबाला छावणीत डांबलं होतं.

२०१८ मध्ये बिशपबाईंनी विचारलं, इथे जमणारे कितीतरी लोक ख्रिस्तीच नाहीत, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांना फारसं स्थान नाही, मग हे मेथडिस्ट चर्च कसं? मला हा प्रश्न खुळा वाटत नाही. नियम नसलेली संस्था टिकत नाही, हे आपल्या शिक्षकांइतकं कुणाला ठाऊक! पण १७३९ मध्ये चर्चची दारं बंद झाली म्हणून जॉन वेस्लीने ब्रिस्टलजवळच्या कोळसाखाणीतल्या मजुरांना उघड्यावरच प्रवचन दिलं होतं, आणि मेथडिस्ट पंथ वाढला तो तिथून. वाद कोर्टात गेला. २०२० मध्ये तडजोड झाली आणि ग्लाइड मेथडिस्ट संस्थेतून बाहेर पडलं.

मिरिकितानी २०२१ मध्ये गेल्या, विल्यम्स २०२४ मध्ये. जेवणाची रांग अजून लागते. तुमच्यापैकी कुणी तिकडे आलात तर रविवारी जरूर जा. धर्म कुणी विचारत नाही. फक्त जरा लवकर पोहोचा, गायनवृंदासमोरच्या जागा आधी भरतात.